सिस्टरचे कोनफळाचे स्कोन

सुमनसिस्टर गेली हे कळलं तेव्हा मी अंबाडी नाक्याच्या बाजारात बसून कोनफळं निवडत होते, आणि तीसुद्धा तिच्याचसाठी. नखाने कंदाची साल जरा खरवडून बघायची, आत गडद जांभळं निघालं तर घ्यायचं, फिकट निघालं तर ठेवून द्यायचं, हे तिनेच मला शिकवलेलं. तेवढ्यात पिशवीतला मोबाईल वाजला. प्रज्ञा होती, सिस्टरची भाची. नाशिकच्या नोकरीवर रजा टाकून पोरगी महिनाभर मावशीच्या उशाशी हॉस्पिटलात बसली होती. म्हणाली, "काकू, मावशी गेली." आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अगं, पण मी कोनफळ घेतलंय..." आजही ते आठवलं की मला बसल्या जागी कसंतरी होतं. समोरची बाई विचारत होती, "घेतंस का न्हाय गो?" घेतली. होती तेवढी सगळी घेतली. मातीने भरलेली ती पिशवी मांडीवर धरून रिक्षाने भिवंडीला आले आणि तळमजल्यावरच्या शेजारणीला देऊन टाकली. घरात ठेवणं जमेना.

याला सात आठवडे झाले. माझा पाय घरात ठरत नाही. जिना चढताना आपला पहिला मजला येतो तरी पाय तसेच वर जातात, दुसऱ्या मजल्यावर, तिच्या दारापर्यंत. कुलूप बघते आणि उतरते. भाजी निवडायला बसते, अर्ध्यावर उठते. टीव्ही लावते, बंद करते. मुलगा म्हणतो, आई, डॉक्टरकडे जाऊ या का? डॉक्टर काय करणार? जे बोलायचं होतं ते जिच्याशी बोलायचं होतं तीच राहिली नाही. म्हणून आता तुम्हाला सांगते. जरा सांभाळून घ्या, मी सरळ सांगायला निघाले तरी चार ठिकाणी थांबून जाते.

दोन हजार सालाच्या सुमारास सिस्टर आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली. त्याआधी पंधरा वर्षं मस्कतच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. बाई एकटी, चालणं ताठ, नखं बारीक कापलेली, आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पिठाला शिवणार नाही. आठवडाभरात अख्ख्या बिल्डिंगचं बीपी तिच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मोजलं जाऊ लागलं. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मीही. तोंडावर अहो-जाहो करायचे, पण मनात ती कायम 'ती'च होती. ती मला वहिनी म्हणायची. माझं माहेर कशेळीचं, खाडीकाठचं. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. ती कमी बोलायची, पण बोलली की नेमकं बोलायची. तसं आमचं जमलं.

मस्कतला तिच्या खोलीत लिझा नावाची फिलिपिनो सिस्टर राहायची. तिच्या देशात कोनफळाचं फार कौतुक. ती सुट्टीवरून येताना शिजवून आटवलेलं जांभळं कोनफळ बरणीत घेऊन यायची आणि त्याचे स्कोन करायची. आता स्कोन म्हणजे काय, हे मला समजायलाच महिना गेला. बिस्किट म्हणावं तर मऊ, पाव म्हणावं तर भुसभुशीत, वर दुधात कालवलेल्या पिठीसाखरेचा पातळ पाक ओतलेला, तो सुकला की काचेसारखा चमकतो. भिवंडीला आल्यावर पहिल्या थंडीत सिस्टर कुणाबरोबर तरी वाड्याच्या रस्त्याला गेली आणि अंबाडी नाक्यावर आदिवासी बायका कोनफळाचे वाटे लावून बसलेल्या बघून चकित झाली. दोन हातांत दोन कोनफळं घेऊन थेट माझ्या दारात उभी. "वहिनी, ह्याच्यासाठी लिझा विमानातून बरण्या आणायची! आणि आपण काय करतो? एकादशीला काप तळतो आणि विसरून जातो."

मग सुरू झालं तिचं. मस्कतहून आणलेला विजेचा ओव्हन होता. पण आमच्याकडे तेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. समोरच्या गाळ्यांत कापडाचे लूम दिवसभर खडखडत असतात, त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय की तो थांबला तरच दचकायला होतं. सिस्टर ओव्हनकडे बघायचीच नाही. खडखडाट चालू आहे तोवर ओव्हन चालू आहे. मध्येच सगळं गपकन शांत झालं की कपाळाला हात लावायची, "मेले ग माझे स्कोन!" अर्धे कच्चे गोळे बाहेर काढून तव्यावर झाकण ठेवून भाजायची. मी हसायचे. कोनफळ सोलायला मी असायचेच. हाताला गोडंतेल लावून, कारण साल काढताना ते बुळबुळतं आणि खाजतं. ती उकडून, गाळणीतून घासून गर काढायची. मैद्यात थंडगार लोणी नुसत्या बोटांच्या टोकांनी चोळायची, आणि भिवंडीच्या उकाड्यात लोणी वितळू नये म्हणून आधी बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बसायची. "मळायचं नाही वहिनी, नुसतं गोळा करायचं. तुमच्या भाकरीसारखं तुडवलंत तर दगड होईल." पहिली खेप मात्र हिरवी निघाली. खरंच सांगते, शेवाळासारखी हिरवी! खाण्याचा सोडा जास्त पडला की कोनफळाचा जांभळा रंग असा पालटतो, हे तिलाही तेव्हाच कळलं. आम्ही दोघी त्या हिरव्या स्कोनांकडे बघून इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं.

दुसऱ्या खेपेला तिने सहा स्कोन डब्यात घालून माझ्याकडे दिले. आणि इथून पुढचं सांगायला मला जड जातं.

सिस्टर बौद्ध घरातली, आम्ही आगरी. डबा बघून सासूबाई म्हणाल्या, "तिच्या घरचा काय खायाचा न्हाय. आपल्यात न्हाय चालत." आवाज चढवून नाही, सहज, पंखा बंद कर म्हणावं तसं. मी डबा उघडलादेखील नाही. समोरच्या गाळ्यात इद्रिसभाई म्हणून वयस्कर कारागीर होते, त्यांची शिफ्ट सुटायची वेळ होती. त्यांना हाक मारली. "ये लो भाई, हमारे यहाँ ज्यादा हो गया." त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खाल्ले, डबा धुऊन परत दिला. मी त्यात सुक्या बोंबलाची चटणी भरली, कारण आलेला डबा रिकामा परत करणं आमच्यात वाईट दिसतं... बघा, तेवढी रीत मात्र मला पाळता आली. वर जाऊन म्हटलं, "छान झाले होते हो!" सिस्टरने तिथेच चटणी बोटाने चाखली. "लसूण कमी पडलाय," म्हणाली. तिचं असंच होतं. माझ्या हातचं सगळं खायची, आणि काय कमी, काय जास्त, तेही सांगायची.

तिच्या घरी बसल्यावर ओव्हनमधून ताजे निघायचे, तेव्हा काय करायचं? तोंडात आलं ते बोलले. "त्यात अंडं असतं ना हो, आणि सासूबाई माळकरी. घरात चालत नाही." आता माझ्या घरातल्या बोंबलाचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. माळ फक्त सासूबाईंची, त्यांचं भांडं तेवढं वेगळं. पण सिस्टर म्हणाली, "अरेच्चा, आधी नाही का सांगायचं?" आणि ती अंड्याशिवाय स्कोन जमवायच्या मागे लागली. तीन-चार आठवडे तरी ते चाललं. केळं घालून बघितलं, साय घालून बघितली, नुसतं दूध घातलं तर फुटून भुगा झाला. प्रत्येक खेपेला मी समोर बसून सोलतेय, आणि ती कपाळावरचे केस मनगटाने मागे सारून म्हणतेय, "थांबा, तुमच्या सासूबाईंना खायला घातल्याशिवाय सोडत नाही." शेवटी आंबट दह्याने काम झालं. दही घातल्याबरोबर सोड्याची खोडही मोडली, आणि असा जांभळा रंग आला की काय सांगू. म्हणजे माझ्या खोटेपणातून तिचे स्कोन सुधारले. डबा माझ्या हातात देताना तिचा चेहरा एखादी परीक्षा पास झाल्यासारखा झाला होता. "आता काहीच अडचण नाही, वहिनी."

मी खाली आले, आणि इद्रिसभाईंना हाक मारली.

सासूबाई दोन वर्षांनी वारल्या. तुम्ही म्हणाल, चला, मग सुटलीस. मलाही तसंच वाटलं होतं. इतके दिवस मी सगळं त्यांच्या नावावर ढकलत होते ना. त्यांचं दिवसपाणी झालं, थंडी आली, सिस्टरचा डबा आला. घरात मी एकटीच होते, विचारणारं कुणी नव्हतं. ओट्यावर डबा ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. झाकणाला हात लावला... आणि पुन्हा खिडकीतून हाक मारली. का? घाण वाटत होती का? नाही हो. तिच्या हातावर माझा माझ्या स्वतःच्या हातापेक्षा जास्त विश्वास होता. मुलाला ताप आला तर त्याच हातांनी दिलेली गोळी मी न विचारता द्यायचे. पण घास म्हटला की आत कुठेतरी काहीतरी आखडायचं. तिच्याकडे बसले की मग सबबी सुरू. आज सोमवार, आज चतुर्थी, आज दाढ दुखतेय. एकदा म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरच्या कॅलेंडरात सगळे सोमवारच छापलेत का?" मी हसले, तीही हसली. मला वाटलं, गंमत करतेय.

अशी बरीच वर्षं गेली. मग ते झालं. त्या दिवशी तिचे स्कोन भाजून झाले आणि वीज गेली. मिक्सर बंद, साखर दळता येईना, त्यामुळे वरचा पाक करता आला नाही. संध्याकाळी तिला कुठे जायचं होतं, म्हणून तसेच कोरडे स्कोन डब्यात भरून माझ्या दारात ठेवले आणि गेली. मी नेहमीसारखा डबा न उघडता गाळ्यात दिला. दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. आणि मी, माझ्या या तोंडाने, थांबवून सांगितलं, "सिस्टर, कालचा पाक काय सुरेख जमला होता हो! अगदी काचेसारखा." "हो का?" म्हणाली. एक पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर गेली. मला काहीच कळलं नाही. दुपारी इद्रिसभाई डबा द्यायला आले तेव्हा म्हणाले, "भाभी, इस बार ऊपर चीनी नहीं लगाया सिस्टर ने? फीका था थोड़ा."

त्या दिवशी मी तीनदा वर गेले. एकदा तिची चाळणी परत द्यायच्या निमित्ताने, एकदा पेपर मागायला. दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि भलतंच बोलून आले. तिसऱ्यांदा म्हटलं, जरा बीपी बघता का. तिने स्टुलावर बसवलं, पट्टा बांधला, फुगा दाबला. डोळे काट्यावरच.

"वाढलंय, वहिनी. काय खाल्लंत?"

"काहीच नाही हो."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि पट्टा सोडला.

एवढंच. भांडली नाही, दार लावून घेतलं नाही. तेव्हा तरी तिचा हात धरून बोलायला हवं होतं. मी मात्र, "मीठ कमी करते," असं काहीतरी पुटपुटून उठले. त्यानंतर तिचा डबा कधी आला नाही. मी वर जात राहिले, कोनफळ सोलत राहिले, गप्पा पहिल्यासारख्याच. माझी चटणी ती खायची, मीठ-लसणाची खोड काढायची. पण स्कोन निघाले की ती ताट उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवायची, आणि मला विचारायची नाही. अशा दोन थंड्या गेल्या. तिने विचारावं म्हणून मी वाट बघत बसायचे. एकदा विचारलं असतं तर मी खाल्ला असता, असं मी स्वतःला सांगते. पण तिनेच का विचारायचं? तिने तर सगळं करून झालं होतं.

या वर्षी दिवाळीनंतर तिचं दुखणं कळलं. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचलेली बाई, आपलाही तिने वाचून घडी घालून ठेवून दिला. कार्तिकात नवीन कोनफळ आलं तेव्हा मी स्वतः जाऊन आणलं. तिला उभं राहवत नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि मी तिच्या ओट्याशी, ती सांगेल तसं. "बर्फात हात घाला. घातले? आता घाई करू नका. तुकडे दिसले पाहिजेत लोण्याचे. वहिनी, तुडवताय तुम्ही!" साखर दळली, त्यात दूध आणि चमचाभर कोनफळाचा गर घालून फिकट जांभळा पाक केला, गरम स्कोनांवर ओतला. त्या दिवशी वीज गेली नाही, समोर लूम एकसारखे खडखडत होते. मी मनाशी ठरवूनच आले होते. ताटलीत दोन घेतले, तिच्या समोर बसले आणि एक उचलला.

तिने माझं मनगट धरलं. हाडं लागली तिची. "नको," म्हणाली. "हे तुमच्या हातचे आहेत. स्वतःच्या हातचं खाण्यात काय आहे?" मी म्हटलं, "सिस्टर, मी..." तर म्हणाली, "मला जरा बरं वाटू दे. मी करते. तेव्हा खा."

दोन दिवसांनी तिला हॉस्पिटलात नेलं. मी भेटायला जायचे तेव्हा मध्ये नळ्या, मशीन, प्रज्ञा, दुसरे पेशंट. एकदा डोळे उघडून म्हणाली, "कोनफळ संपलं नसेल ना बाजारातलं?" नाही म्हटलं, माघापर्यंत असतं. म्हणून तर त्या दिवशी अंबाडीला गेले होते. घरी सोडतील असं वाटत होतं हो...

मागच्या रविवारी प्रज्ञा आली. घर आवरायला ती शनिवार-रविवार येते. दार उघडलं तर हातात ताट, वर रुमाल, आणि काखेत एक वही. "काकू, मावशीच्या वहीत बघून केले. पण बरोबर झालेत की नाही, कळेना. मी फार लहान असताना एकदा खाल्ले होते, चव आठवत नाही." तिने वही उघडून दाखवली. सिस्टरचं ते सरळ, बारीक अक्षर, केसपेपरवर लिहावं तसं. पानाच्या वर लिहिलेलं, 'वहिनींसाठी. अंडं नाही. आंबट दही अर्धी वाटी.' प्रज्ञा म्हणाली, "कृतीच तुमच्यासाठी केलेली आहे. तुमच्याइतके कुणीच खाल्ले नसतील. सांगा ना, मावशीसारखे झालेत का?"

'अगदी तसेच झालेत गं,' हे माझ्या जिभेवर आलंसुद्धा होतं. इतक्या वर्षांची सवय. पोरीला बरं वाटलं असतं, मलाही. दाराची चौकट धरली आणि म्हटलं, "मला नाही माहीत."

"म्हणजे?"

मग सांगितलं. उभ्यानेच, सगळं. सासूबाई, इद्रिसभाई, अंडं, पाक. शेवटी प्रज्ञा म्हणाली, "एकही नाही?"

"एकही नाही."

"आजी वारल्यावर पण?"

"वारल्यावर पण."

"तिला माहीत होतं?"

"होतं."

तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, ताट उचलून निघून जाईल, आणि गेली असती तर मी काय म्हणणार होते? तिने खाली बघितलं, मग आत येऊन ताट माझ्या ओट्यावर ठेवलं, रुमाल काढला. "हे माझ्या हातचे आहेत, काकू," म्हणाली, आणि हाताची घडी घालून उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना.

मी एक घेतला. अजून कोमट होता. पाक बोटांना चिकटला. मोडला तर आत जांभळा, कडेला थोडा निळसर. पहिला घास तोंडात तसाच राहिला, गिळायला जरा वेळ लागला. मग दुसरा घेतला. मग सगळा संपवला, ती बघत असताना.

"कसा झालाय?"

"कोरडा झालाय," मी म्हटलं. "दही कमी पडलंय, म्हणून कडेला निळा पडला. आणि पाक फार घट्ट, दाताला धरतो."

प्रज्ञाने वही उघडली, पेन काढलं. "आणि कोनफळाची चव? येतेय का?"

"थांब," मी म्हटलं, "अजून एक खाऊन सांगते."